हाताने रंगवलेल्या लोकरीची शाल : वीण कुठली घेऊ?

शुभ्रकळी | २९ सप्टेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचते इथे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. मे महिन्यात पुतणी आली तेव्हा तिने मला हाताने रंगवलेल्या लोकरीची एक लडी आणली. मेरिनो, १०० ग्रॅम, लेबलवर ४०० मीटर लिहिलंय. रंग काय सांगू, जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते ना तो जांभळा, मधेच शेवाळी, मग चारेक बोटं गुलाबी आणि वरून काळसर ठिपके. चार महिने नुसती कपाटातून काढून बघत होते, सुई लावायचा धीर होत नव्हता.

शाल करायची आहे माझ्या आत्यासाठी. तिनेच मला नऊ वर्षांची असताना सुलट-उलट शिकवलं. ती वाईला असते, आता ७८ ची आहे आणि अजून थंडीत पहाटे घाटावर चक्कर मारून येते. संक्रांतीला तिच्याकडे जाणार आहे, तेव्हा द्यायची असं मनात आहे.

तर अडचण अशी की मी पानांची जाळीची वीण घेतली, आमच्याकडे सगळ्यांना आवडते ती, आणि तीनदा उसवली. पानं दिसतच नाहीयेत. टाके बरोबर आहेत, मोजून बघितले, पण लांबून नुसती रंगांची गिचमिड दिसते. साध्या पांढऱ्या लोकरीवर हीच वीण इतकी सुरेख येते मग यात काय होतंय? आणि आता उसवून उसवून लोकर कुरळी झालीय ते वेगळंच. कृपया सांगा, लोकर फार मोलाची आहे माझ्यासाठी.

हिशेबी | ३० सप्टेंबर, सकाळी ७:१५

सुई किती नंबरची? टाके किती घातले होते? आणि लडी गुंडा करायच्या आधी उघडून ठेवली असेल तर तिचा घेर किती होता ते आठवतंय का? एक फोटो टाका दिवसाच्या उजेडातला आणि तोच फोनवर ब्लॅक अँड व्हाइट करून दुसरा.

लोकरवेडी | ३० सप्टेंबर, दुपारी १:०५

शुभ्रकळी, तुमचं काही चुकलेलं नाही, आधी ते मनातून काढा. जाळीची वीण आपल्याला दिसते ती भोकाच्या काळोखामुळे आणि टाके कुठल्या बाजूला कललेत त्या रेषेमुळे. म्हणजे नजर त्या उजेड-अंधाराच्या फरकावर चालते. आता लोकरीतच दर दोन-तीन इंचावर गडद-फिका-गडद होत असेल तर नजर त्या फरकाच्या मागे जाते, भोकांचा फरक त्याच्यापुढे अगदीच बारीक पडतो. म्हणून हिशेबीने ब्लॅक अँड व्हाइट फोटो मागितलाय, त्यात कळेल की जांभळा आणि गुलाबी यांच्यात किती अंतर आहे.

मी स्वतः पहिली दोन वर्षं हेच केलं. प्रत्येक सुंदर लडीला सगळ्यात अवघड वीण शोधायची, आणि मग दोन्ही वाया. आता माझी पद्धत अशी की लडी बघून आधी ठरवायचं ही कुठल्या जातीची आहे. एकाच रंगाच्या हलक्या-गडद छटा असतील तर जाळी, पानं, वेण्या काहीही करा, उलट साध्या गिरणीच्या लोकरीपेक्षा जास्त खुलते. नुसते ठिपके असतील पांढऱ्यावर तर बऱ्यापैकी चालते. पण तुमच्यासारखी तीन-चार वेगळ्या रंगांची असेल तर सगळ्या ओळी सुलट, बास. त्या आडव्या उंचवट्यांमधे वरच्या ओळीचा रंग खालच्यात मिसळतो आणि रंगाच्या कडा मऊ होतात. किंवा दर दुसऱ्या ओळीत एक टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा अशी वीण, ती पण रंग छान विस्कटते.

सगळी शाल सुलट म्हणजे कंटाळवाणी असं वाटेल. पण ही लोकर विणताना पुढच्या वितीला कुठला रंग येणार याचीच उत्सुकता असते, मी तर रात्री एक-एक वाजेपर्यंत बसते अजून एक ओळ अजून एक ओळ करत.

उत्तरवारा | ३० सप्टेंबर, रात्री १०:३०

लोकरवेडीला अनुमोदन. मी अ‍ॅबर्डीनला असते, इथून रात्रीच्या बोटीने स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर जाता येतं, दोनदा जाऊन आलेय खास लोकरीसाठी. लर्विकच्या म्युझियममधे तिथल्या शाली आहेत, त्यात दोन प्रकार. एक ती अतिशय तलम, अंगठीतून आरपार जाणारी लग्नाची शाल, ती बहुतेक पांढरी किंवा एकरंगीच असते, सगळं कौशल्य जाळीत. आणि दुसरी रोजची, कामाच्या बायकांची, तिला तिथे हॅप म्हणतात. हॅपचा मधला भाग साधा, सगळ्या ओळी सुलट, आणि भोवती लाटांच्या विणीची किनार, त्या लाटांमधेच रंगांचे पट्टे फिक्याकडून गडदकडे जाणारे. कित्येक पिढ्यांनी पोरं गुंडाळलीयत त्यात. मला तुमचा प्रश्न वाचून हॅपच आठवली. मधे तुमची जांभळी आणि किनारीला दुसरी एखादी शांत लोकर, लाटांची वीण.

लाटांची वीण १८ टाक्यांची. पहिली ओळ सगळी सुलट, दुसरी सगळी उलट, तिसऱ्या ओळीत दोनाचा एक असं तीनदा, मग धागा पुढे घेऊन एक सुलट असं सहा वेळा, परत दोनाचा एक तीनदा. चौथी सगळी सुलट. चारात एकच ओळ लक्ष देऊन करायची, आणि जिथे टाके वाढतात तिथे ओळ वर जाते, घटतात तिथे खाली, म्हणून लाट.

शुभ्रकळी | १ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

सगळ्यांचे मनापासून आभार! उत्तरवारा, तुमचा हॅपचा प्रतिसाद आत्याला फोनवर वाचून दाखवला, अर्थात शाल तिच्यासाठी आहे हे न सांगता. ती म्हणाली आम्ही पण स्वेटरच्या बॉर्डरला लाटा करायचो, आम्हाला एका मासिकात सापडली होती. म्हणजे ती वीण तिला येते!

हिशेबी, सुई ८ नंबर म्हणजे ४ मिमी, गोल. लडीचा घेर मोजला नव्हता पण लडीचे बांधलेले दोरे जपून ठेवलेत आणि उसवलेली लोकर परत खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी केलीय, धागा ताणून बघितला तर एका गुलाबीपासून पुढच्या गुलाबीपर्यंत १६० सेंमी भरतं. फोटो टाकलेत. ब्लॅक अँड व्हाइटमधे जांभळा जवळजवळ काळा आणि गुलाबी चक्क पांढरा दिसतोय, बघून डोळेच उघडले.

आता ही दुसरी शांत लोकर कुठून आणू? एक बिनरंगी पांढरी मेरिनोची लडी आहे माझ्याकडे, तेवढ्याच जाडीची, १०० ग्रॅम. पांढरी किनार नको वाटते, आत्याच्या चुलीजवळच्या वावराने महिन्याभरात मळेल.

मंजिष्ठा | १ ऑक्टोबर, रात्री ९:५०

रंगवा की घरी! दसरा दहा दिवसांवर आलाय, झेंडू टनाने येणार. शेवाळी छटा तुमच्या लडीत आहेच, त्याच्याशी झेंडूचा पिवळा अगदी जमेल. मी नाशिकला दरवर्षी तोरणं उतरली की शेजारपाजारची फुलं गोळा करते.

पण त्याच्या आधी एक काम, आणि हे फार महत्त्वाचं आहे. जांभळी लोकर रंग सोडते का ते आजच बघा. छोटा तुकडा विणा, कोमट पाण्यात भिजवा, ओल्या तुकड्यावर पांढरं सुती फडकं दाबून अर्धा तास ठेवा. गडद जांभळे, लाल, निळे यात रंग जास्त झालेला असला की तो धाग्यात न शिरता वर राहतो आणि शेवटी शाल धुवाल तेव्हा पिवळ्या किनारीवर उतरेल. लागलंच फडक्याला तर घाबरू नका. परदेशात लोकरीला बहुतेक करून आम्लाचे रंग वापरतात, त्यांना पक्कं व्हायला आंबटपणा आणि उष्णता दोन्ही लागतं. स्टीलच्या पातेल्यात पाणी, त्यात अर्धी वाटी व्हिनेगर, लडी चार ठिकाणी सैल बांधून आत सोडायची, हळूहळू तापवायचं, उकळी फुटू द्यायची नाही, वाफा येतायत इतपत गरम अर्धा तास ठेवायचं आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं. मग स्वच्छ पाणी येईपर्यंत खळबळून घ्या. नुसत्या थंड पाण्यात मीठ किंवा व्हिनेगर टाकून रंग पक्का होतो असं सगळीकडे सांगतात, लोकरीच्या बाबतीत उष्णतेशिवाय त्याचा उपयोग होत नाही.

याने उसवलेल्या लोकरीचा कुरळेपणा पण जाईल. एकच सांभाळा, गरमातून एकदम गार पाण्यात टाकायची नाही आणि चोळायची अजिबात नाही, नाहीतर लोकर गोळा होते, आणि ते परत सुटत नाही.

शुभ्रकळी | ३ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

मंजिष्ठा ताई, फडक्याला चांगलाच गुलाबी-जांभळा डाग पडला. तुम्ही सांगितलं नसतं तर जानेवारीत मी रडले असते. काल संध्याकाळी व्हिनेगरमधे गरम केली, पहिल्या तीन पाण्यांत रंग गेला, चौथं पाणी अगदी स्वच्छ. रात्रभर पंख्याखाली वाळली, आता धागा सरळ, नव्यासारखा. रंग थोडाही फिका झालेला नाही.

हिशेबी | ३ ऑक्टोबर, रात्री ८:४५

आता आकडे मांडतो, कारण त्रिकोणी शालीत सगळ्यात जास्त फसगत होते ती लोकर कुठे संपणार यात. तुम्ही मानेकडून सुरुवात करणार, मधे कणा, म्हणजे मधोमध उभी उतरणारी एका टाक्याची रेघ, आणि प्रत्येक दुसऱ्या ओळीत ४ टाके वाढणार, दोन कडांना आणि दोन कण्याच्या बाजूंना. म्हणजे शाल जितकी खाली जाते तितकी ओळ लांब होते, आणि लोकर ओळींच्या संख्येच्या वर्गाने लागते. निम्म्या ओळी झाल्या की निम्मी लोकर संपली असं नाही, तेव्हा फक्त पाव संपलेली असते. निम्मी संपते ती ७१ टक्के ओळी झाल्यावर. आणि शेवटच्या १० टक्के ओळी एकट्या १९ टक्के लोकर खातात. म्हणूनच बायकांची शेवटच्या दोन ओळींत लोकर संपते, त्यांचा अंदाज चुकीचा नसतो, शेवटच्या ओळी खरंच महाग असतात.

तुमच्याकडे १०० अधिक १०० आहे. हे फार सोयीचं आहे, कारण वरचे ७१ टक्के जांभळे आणि खालचे २९ टक्के किनार असं बरोबर विभागलं जातं, आणि दिसायला पण ते प्रमाण चांगलं आहे.

२० टाके विणून त्या धाग्याला खूण करा, उसवा आणि मोजा. समजा २६ सेंमी आलं, तर एक टाका १.३ सेंमी. ७ टाक्यांनी सुरू केलं, ३ कडेचे, १ कणा, ३ कडेचे. ८१ वेळा वाढवलं की ३३१ टाके होतात, कण्याच्या प्रत्येक बाजूला १६२, आणि १६२ म्हणजे बरोबर १८ नव्वे, लाटांची वीण थेट बसते. इथवर सुमारे ३६० मीटर, म्हणजे ९० ग्रॅम लागेल. १० ग्रॅम हाताशी राहते, हात थोडा सैल असला तरी निभावेल.

रंग साचण्याबद्दल पण सांगून ठेवतो. घेर १६० सेंमी, टाका १.३, म्हणजे एका घेरात १२३ टाके बसतात. तुमची ओळ जेव्हा ६० च्या आसपास असेल आणि परत १२३ च्या आसपास असेल तेव्हा तोच रंग त्याच जागी एकावर एक यायला लागेल आणि डबकं दिसेल. टाके सतत वाढतायत त्यामुळे ८-१० ओळींत आपोआप सुटतं.

केवडा | ४ ऑक्टोबर, सकाळी ११:००

हे सगळं वाचून फार छान वाटतंय. मी रत्नागिरीची, आमच्याकडे लोकरीची शाल कोण घालणार, पण ऑफिसच्या एसीत मात्र रोज ओढणी गुंडाळून बसते. सुती धाग्याची करता येईल का अशी, आणि तो धागा पण याच रंगांनी रंगवता येईल?

मंजिष्ठा | ४ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

केवडा, विणता नक्की येईल, पण रंग वेगळे. आम्लाचे रंग लोकर आणि रेशमावर बसतात, सुतावर नाही. सुताला रिअ‍ॅक्टिव्ह रंग लागतात, ते थंड पाण्यात धुण्याच्या सोड्याबरोबर करतात. झेंडू सुतावर चढतो पण आधी हिरड्याच्या पाण्यातून काढायला लागतं, मग तुरटी. रेशीम मिळालं तर बघा, भंडारा-गडचिरोलीकडचं टसर फार देखणं असतं आणि मुळातच मधाच्या रंगाचं असतं, त्याला रंगाची गरजच वाटत नाही. फक्त रेशमाला लवचीकपणा नाही, शाल वापरून खाली लोंबते, म्हणून सुई एक नंबर बारीक घ्या.

सनगरवाडा | ५ ऑक्टोबर, रात्री ९:१५

मी सांगोल्याकडचा. आमचं घर सनगराचं, आजोबांच्या वेळेपर्यंत घोंगड्याचा खड्ड्यातला माग चालू होता. मला विणकाम येत नाही पण लोकरीवर इतकं प्रेमाने कुणी लिहितंय म्हणून लिहावंसं वाटलं. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, तिला रंग कधी द्यायचेच नाहीत, काळी मेंढी, पांढरी मेंढी, तपकिरी मेंढी, जे अंगावर असेल तेच पट्टे घोंगड्यात. धनगर कातरून द्यायचे, आजी पिंजून चरख्यावर कातायची, आणि ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची, त्या खळीचा वास अजून आठवतो. आता मेंढ्या आहेत पण कातरलेली लोकर बरेच जण फेकून देतात कारण घेणारं कुणी नाही. तुमच्यापैकी कुणी हाताने कातलेली दख्खनी लोकर सुयांवर विणून बघितलीय का?

लोकरवेडी | ५ ऑक्टोबर, रात्री ११:२०

सनगरवाडा दादा, मी विणलीय! सोलापूरहून आणलेली काळी. ६ मिमीच्या सुईवर, सगळ्या ओळी सुलट. गळ्याला टोचते हे खरं, म्हणून मी शाल न करता मांडीवर घ्यायचं पांघरूण केलं, आणि धुतल्यावर धागा असा फुलला की दोन टाक्यांमधली फट दिसेनाशी झाली. तो काळा खरंतर काळा नाही, उन्हात धरला की त्यात तांबूस केस दिसतात. कुठलाही रंगारी तो रंग बनवू शकत नाही. तुम्ही वेगळा धागा काढाच यावर, आजीच्या कातण्याचं सगळं लिहा, आम्ही वाचू.

शुभ्रकळी | १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

दसरा झाला, तोरणं उतरली, आणि मी रंगवलं! सविस्तर लिहिते कारण मला कुठे मराठीत एकत्र सापडलं नव्हतं, मंजिष्ठा ताईंनी व्यक्तिगत निरोपातून सगळं समजावलं.

पांढरी लडी आदल्या रात्री भिजत घातली. १०० ग्रॅम लोकरीला १२ ग्रॅम तुरटी, किराणा दुकानातली साधीच, कुटून गरम पाण्यात विरघळवली, त्यात लडी टाकून हळूहळू तापवून तासभर वाफेवर ठेवली आणि तशीच गार होऊ दिली. पातेलं स्टीलचं, खास यासाठी जुनं काढलेलं, ते आता स्वयंपाकात परत जाणार नाही. फुलांच्या पाकळ्या खुडून घेतल्या, हिरवं देठ आणि कप टाकून दिले, पाकळ्या ३०० ग्रॅम भरल्या. तास-दीड तास मंद आचेवर, मग गाळून त्या पाण्यात लडी, परत तासभर, आणि रात्रभर त्यातच. आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे, बादल्यांना तांबूस थर बसतो, त्यामुळे ताईंनी सांगितल्याप्रमाणे नगरपालिकेचं पाणी भरून ठेवलं होतं. सकाळी लडी वर काढली तर काय तो पिवळा! लख्ख, खंडेरायाच्या भंडाऱ्यासारखा. पण हळद लोकरीला का लावत नाहीत हे आता कळलं, ती उन्हाने उडते आणि साबणाने लाल होते, झेंडू त्या मानाने टिकतो.

आता प्रश्न. हा पिवळा जांभळ्याशेजारी फार ओरडतोय. ताई म्हणतात हिराकसाच्या, म्हणजे लोहाच्या क्षाराच्या, पाण्यात बुडवला की शेवाळीकडे झुकेल. पूर्ण लडी बुडवू की अर्धी? अर्धी बुडवली तर एका बाजूला पिवळा एका बाजूला शेवाळी अशी दोन रंगी होईल, ते पण मोहक वाटतंय.

मंजिष्ठा | १७ ऑक्टोबर, रात्री ८:१०

अर्धी बुडवा असं माझं मत. दोन रंग एकमेकांत उतरताना जी मधली छटा येते ती मुद्दाम करायला गेलं तरी मिळत नाही.

लोकरवेडी | १७ ऑक्टोबर, रात्री ८:४०

ताई, एरवी मी तुमच्या बाजूने असते पण इथे नाही. अर्धी बुडवली की ८० सेंमी पिवळा, ८० सेंमी शेवाळी, म्हणजे किनारही मधल्या भागासारखीच रंगांची झाली, मग लाटा दिसणार कशा? आपण ज्या कारणाने पानांची वीण सोडली तेच परत येईल. मधल्या भागात रंग आहेत, किनारीत वीण दिसू दे. पूर्ण बुडवा आणि हलकी बुडवा.

मंजिष्ठा | १७ ऑक्टोबर, रात्री ९:०५

पटलं. रंगवणारी म्हणून मी फक्त लडीकडे बघत होते, शालीकडे नाही. शुभ्रकळी, पूर्ण बुडवा. हिराकस दीड ग्रॅमच्या वर नको, जास्त झालं की लोकर कडक होऊन तुटते. आधी पाण्यात पूर्ण विरघळू द्या, मग ओली लडी एकदम आत, सतत हलवत राहा आणि मिनिटभरात बघा, हवा तो रंग आला की लगेच बाहेर.

शुभ्रकळी | १९ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

दीड ग्रॅम, अडीच मिनिटं. जुन्या पितळेच्या समईसारखा रंग आलाय, काही ठिकाणी थोडा गडद, काही ठिकाणी थोडा फिका, पण एकाच कुळातला. जांभळ्याशेजारी ठेवला तर जांभळ्यातली शेवाळी एकदम उजळून दिसायला लागली, आधी ती मला डागासारखी वाटायची. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत पण दोघांत स्वच्छ फरक आहे. आजपासून टाके घालतेय. मोजला, माझा टाका बरोबर १.३!

शुभ्रकळी | ९ नोव्हेंबर, रात्री १०:५५

दिवाळीच्या गडबडीत हळूहळू चाललंय. ६० टाक्यांपाशी थोडं साचलं होतं ते सुटलं, पण आता ११९ टाके आहेत आणि उजव्या बाजूला जांभळ्याचा गोळा जमलाय तळहाताएवढा, डावीकडे गुलाबी. हिशेबी दादांनी सांगितलं तसंच, पण मला ते बघवत नाहीये. दुसरी लडी असती तर दोन ओळी हिच्या दोन ओळी तिच्या असं केलं असतं, पण एकच आहे.

लोकरवेडी | ९ नोव्हेंबर, रात्री ११:३०

एकाच गुंड्याची दोन्ही टोकं वापरा ना! आतलं टोक एक आणि बाहेरचं एक. दोन ओळी आतल्या टोकाने, दोन ओळी बाहेरच्या. दोन्हीकडे रंग वेगळ्या ठिकाणी चालू असतात त्यामुळे साचणं लगेच मोडतं. कडेला धागा बदलताना ओढू नका, सैल राहू द्या, नाहीतर ती कड आखडते. गुंडा मधेमधे टांगून फिरवून पीळ सोडवायचा. १२-१४ ओळी तसं करा आणि मग परत एका टोकावर या. आणि विणलेलं उसवू नका, तो एक जांभळा ढग राहू दे, पाठीवर मधोमध नाही तर खांद्याकडे येणार आहे तो.

शुभ्रकळी | ६ डिसेंबर, दुपारी २:१५

ढग राहू दिला. आता तर मला तोच भाग सगळ्यात आवडतो.

मधला भाग काल संपला, ३३१ टाके, आणि किचनच्या काट्यावर जांभळी उरली ९ ग्रॅम. हिशेबी दादा, तुमचा आकडा एका ग्रॅमने चुकला फक्त! पितळी रंगाच्या लाटा सुरू केल्यात. पहिल्या आठ ओळींतच दिसायला लागल्या, आणि गंमत अशी की जांभळ्याची शेवटची ओळ पण लाटेबरोबर वर-खाली झाली, सरळ रेघ राहिलीच नाही, जणू मधला भाग किनारीत उतरतोय. कडेला जे नवे टाके वाढतात ते १८ जमेपर्यंत साधे सुलट ठेवतेय. दर दोन लाटांनंतर एका टाक्यांच्या ओळीतून शिवणाचा दोरा ओवून ठेवते, चुकलंच तर तिथपर्यंत उसवता येईल. परवा त्याचा उपयोगही झाला, टीव्ही बघताना एका जागी धागा पुढे घ्यायचा राहिला होता.

हिशेबी | ६ डिसेंबर, रात्री ९:००

लाटांच्या १७ फेऱ्या करा, म्हणजे ६८ ओळी. १८ व्या फेरीचा मोह होईल, काट्यावर बसतेय असं वाटेल, पण करू नका. शेवटी ४६७ टाके असतील, एका ओळीला साधारण दीड ग्रॅम जाते, आणि सैल हाताने टाके बंद करायला अडीच ओळींएवढी तरी लोकर लागते. बंद करायला एक नंबर जाड सुई घ्या, कड घट्ट झाली तर लाटा उमलणारच नाहीत.

शुभ्रकळी | ४ जानेवारी, रात्री ११:४५

टाके बंद केले आत्ता. १७ फेऱ्या, ४६७ टाके, उरली ७ ग्रॅम. सुईवरून उतरल्यावर मात्र शाल आखडलेली, गोळा झालेली दिसतेय, लाटा एकमेकींवर बसल्यात. हे धुतल्यावर जाईल ना?

उत्तरवारा | ५ जानेवारी, पहाटे ५:१०

जाईल, आणि हाच सगळ्यात आनंदाचा भाग आहे. शेटलंडला हॅप ओली करून लाकडी चौकटीवर ताणून अंगणात उभी करतात. तुम्ही रिठ्याच्या कोमट पाण्यात २० मिनिटं बुडवा, पिळू नका, टॉवेलमधे गुंडाळून वरून दाबा. गादीवर कोरडी चादर घालून आधी कण्याची रेघ सरळ करा, मग वरची कड, आणि मग प्रत्येक लाटेच्या टोकाला एकेक टाचणी. टाचण्या गंज न धरणाऱ्या हव्यात. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. उन्हात नको, पंख्याखाली.

शुभ्रकळी | १६ जानेवारी, सकाळी ११:२०

वाईहून काल रात्री परत आले. शाल वाळल्यावर टोकापासून टोकापर्यंत १६० सेंमी आणि कण्यावर ७५ सेंमी भरली. धुताना पाण्यात रंगाचा थेंबही उतरला नाही, पितळी किनार जशीच्या तशी.

आत्याने हातात घेतली आणि सगळ्यात आधी उलटी बाजू बघितली, मी लहानपणी विणलेलं दाखवायला न्यायचे तेव्हा बघायची तशीच. धाग्यांची टोकं कुठे लपवलीत ते शोधलं, तिला दोनच सापडली. मग किनारीवरून बोट फिरवत पुटपुटत १८ मोजले आणि म्हणाली, "ही आपली लाट गं." जांभळ्या ढगावर हात ठेवून विचारलं इथे काय झालं, तर तिला रंग साचण्याचं सगळं सांगितलं, घेर, टाका, १२३ सगळं, आणि तिने दोनदा परत विचारून समजून घेतलं. झेंडूचा रंग आहे हे तिला खरंच वाटेना. काल पहाटे घाटावर जाताना अंगावर घेऊन गेली, मी बरोबर होते, नदीवर धुकं होतं.

उरलेली जांभळी ९ आणि पितळी ७ ग्रॅम तिने ठेवून घेतली. त्याच्याबरोबर कापडात बांधलेलं वेखंड दिलंय, कसर लागू नये म्हणून शालीच्या घडीत ठेवायला. आणि निघताना तिने विचारलं की पुढच्या दसऱ्याला तिच्या शेवंतीवर हे करून बघता येईल का. मंजिष्ठा ताई, शेवंती चढते का लोकरीवर?

मंजिष्ठा | १६ जानेवारी, दुपारी १:००

वाचून डोळे भरले. शेवंती मी अजून केली नाहीये. आत्यांना सांगा, पिवळी शेवंती मूठभर वाळवून ठेवा, मी १० ग्रॅम लोकर तुरटीत भिजवून कुरिअरने पाठवते, दोघी मिळून छोटा नमुना करून बघू.

केवडा | १६ जानेवारी, दुपारी १:४०

शुभ्रकळी, फोटो पाहून आज ऑफिसमधून येताना सुती धाग्याच्या दोन लड्या घेतल्या. प्रत्येकी १०० ग्रॅम, पण मीटर २८० च लिहिलेत. हिशेबी दादा, यात ७१ टक्क्यांचं गणित तेच राहील का? घेर मोजून सांगते रात्री.